बेलवरचं आडनाव

आडनाव ऐकलं की आमच्या घरात कुणाला राहवत नाही. "म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?" हा प्रश्न माझ्या आईने दाताच्या डॉक्टरलासुद्धा विचारलेला आहे, तेही त्याची हत्यारं तिच्या तोंडात असताना. तीन प्रश्नांत ती समोरच्याचं गाव, त्याचं कुलदैवत आणि आपल्यातल्या कुणाची तरी नणंद त्या गावात दिलेली आहे, इथपर्यंत पोचते. त्यात चौकशी कमी आणि माया जास्त. गाव कळलं की माणूस आपला झाला, मग त्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. हीच सवय घेऊन मी डार्मश्टाटला पीएचडी करायला गेले. विमानतळावर त्यांनी माझं मेतकूट उघडून हुंगून पाहिलं, ही सवय मात्र कुणी तपासली नाही.

ही दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. शहराच्या कडेला एका दुमजली घरात वरची खोली मला मिळाली होती. खाली मालकीणबाई राहायच्या. सत्तरीच्या, लग्न न केलेल्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर लोकांच्या नावांची पत्रं लावून लावून त्यांना नावांचा इतका सराव होता, की माझं लांबलचक आडनाव त्या पहिल्या दिवसापासून न अडखळता घ्यायच्या. युनिव्हर्सिटीत माझ्या नावाचे रोज नवे हाल व्हायचे, त्यामुळे तेवढ्यावरच मी त्यांच्या प्रेमात पडले. दर रविवारी चार वाजता खालून हाक यायची, की मी कॉफीला खाली. टेबलावर इस्त्रीचा पांढरा टेबलक्लॉथ, त्यांनी केलेला प्लमचा केक, आणि माझ्या आठवड्याची उलटतपासणी. स्वतःबद्दल त्या कधी बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, जर्मन लोक असेच असतात.

त्याच सुमाराला आमच्या लॅबमध्ये एक स्कॉटिश मुलगा आला. उंच, लाजरा, आणि जर्मन भाषेच्या नावाने आनंद. मी त्याला एका सुट्टीच्या शुक्रवारी पोह्यांना बोलावलं. बारा वाजले, सव्वाबारा झाले, साहेबांचा पत्ता नाही. खिडकीतून पाहते तर हा पावसात दाराशी उभा आणि बेलच्या पाटीकडे टक लावून बघतोय.

"अरे, बेल वाजवायची असते!" मी वरून ओरडले.

"माझं नाव लावलंयस का तू इथे?" तो म्हणाला. "गंमत करतेयस का माझी?"

मी खाली गेले. जर्मनीत दारावर नुसतं आडनाव लावतात. आमच्या पाटीवर वर मालकीणबाईंचं आणि खाली माझं. रोज बघत होते, पण डोक्यात प्रकाश पडला नव्हता. शेवटाला जरासं जर्मन वळण सोडलं तर वरचं आडनाव हुबेहूब याचंच! ते मी इथे लिहीत नाही. कुठे छापणार नाही असा मालकीणबाईंना शब्द दिला होता, आणि त्या आज नसल्या तरी त्यांचा राग कसा असतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

पोह्यांवर लिंबू पिळता पिळता त्याने सगळं सांगितलं. त्याचं आडनाव स्कॉटलंडच्या ईशान्य भागातल्या एका जागेवरून पडलेलं. तिथे म्हणे अजून प्रत्येक शाळेत त्या नावाची दोन-चार पोरं असतात आणि दफनभूमीत तर रांगच्या रांग. बाकीचे पांगले. काही कॅनडात, काही ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडच्या एका कोपऱ्यात तर त्याच्या गावापेक्षा जास्त. आणि चारशे वर्षांपूर्वी त्या किनाऱ्यावरून कितीतरी तरुण पाठीवर गाठोडं टाकून समुद्रापलीकडे प्रशियात आणि पोलंडमध्ये गेले होते. सुया, रिबिनी, कात्र्या दारोदार विकायचे, आणि तिथल्याच मुलींशी लग्नं करून तिथेच राहायचे.

"अगं बाई!" मी मराठीतच ओरडले. मग इंग्रजीत म्हणाले, "म्हणजे ही तुझी आत्या लागते रे!"

मला इतका आनंद झाला, की सांगता सोय नाही. घरबसल्या नातं जुळत होतं. आईला फोन केला, तर ती म्हणाली, "विचार की मग त्यांना, मूळच्या कुठल्या ते." आता आईच म्हणाल्यावर काय!

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई जिना पुसत होत्या. मी पायरीवर थांबून हसतमुखाने विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"इथल्याच," त्या म्हणाल्या.

"नाही, म्हणजे त्याआधीच्या? मूळच्या?"

त्यांनी फडकं पिळलं. "मी इथली आहे," एवढंच म्हणाल्या, आत गेल्या आणि दार लावलं. त्या रविवारी चार वाजून गेले तरी हाक आली नाही. शहाण्या माणसाला एवढं पुरे झालं असतं. मला वाटलं, त्यांना माहीतच नसेल बिचाऱ्यांना, आपण शोधून देऊ. त्या दिवसांत इंटरनेटवर एक साइट होती. आडनाव टाकलं की टेलिफोन डिरेक्टरीवरून जर्मनीच्या नकाशावर ठिपके काढून द्यायची. मी लॅबच्या रंगीत प्रिंटरवर त्यांच्या आडनावाचा नकाशा छापला. माझी अटकळ अशी, की आपल्याकडे कसं एकेका आडनावाचं एकेक गाव असतं, तसा कुठेतरी ठिपक्यांचा दाट पुंजका दिसेल. तसलं काही नव्हतं. मूठभर तीळ सांडावेत तसे ठिपके देशभर विखुरलेले. तरी मी त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "हे बघा तुमचे लोक! पण मूळ गाव कुठलं?" खाली हसरा चेहरा काढला. आणि तो कागद त्यांच्या दाराखालून आत सरकवला.

संध्याकाळी माझ्या दारावर चिठ्ठी होती. सुंदर पोस्टातलं अक्षर. "कृपया माझ्या खाजगी बाबींची चौकशी करू नये." खाली पूर्ण सही.

मग सगळंच बंद झालं. जिन्यात भेटल्या तर नमस्कारापुरतं "गुटन टाग", आणि त्यातला "टाग" दाराच्या आत. पुढचे तीन रविवार मी चार वाजता वर कान देऊन बसायचे. खालून कपबशीचा आवाज यायचा, एकाच कपाचा. खोली जाईल याची मला भीती नव्हती, खोल्या मिळतात. पण त्या अख्ख्या देशात मी घरी किती वाजता आले हे लक्षात ठेवणारं ते एकच माणूस होतं, आणि ते मी माझ्या हाताने घालवलं होतं. आणि कशाने घालवलं, तेही कळत नव्हतं. मला रडू यायचं आणि स्वतःचा संतापही यायचा.

कळलं ते कोपऱ्यावरच्या बेकरीत. बेकरीवाली बाई म्हणजे गल्लीचं आकाशवाणी केंद्र. माझं तोंड पाहून तिनेच विषय काढला, आणि मी सगळं सांगून टाकलं. "त्यांना ते विचारायचं नसतं हो," ती आवाज खाली आणून म्हणाली. "युद्ध संपता संपता पूर्वेकडून, प्रशियातून पळून आलेल्या त्या. तो मुलूख आता जर्मनीत नाही. बारा वर्षांच्या होत्या, आई आणि एक गाठोडं. इथल्या पोरांनी शाळेत फार छळलं. माझा थोरला भाऊही त्यातलाच. रोज घोळका करून विचारायचे, कुठून आलीस, परत कधी जाणार? तेव्हापासून त्या गावाचं नाव त्यांनी तोंडातून काढलेलं नाही. कुणाकडेच नाही."

जो प्रश्न आमच्याकडे पाट मांडण्याआधी विचारतात, तोच प्रश्न त्यांना दगडासारखा मारलेला होता. आणि मी काय केलं? रंगीत प्रिंट काढून, हसरा चेहरा काढून, नकाशा दाराखालून सरकवला. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या स्कॉटिश मुलाला, आम्ही त्याला स्कॉटच म्हणायचो, सगळं सांगितलं. त्याने कान खाजवला. मग म्हणाला, "तू काही करू नकोस. तू फार बोलतेस. मी जातो."

"तुला जर्मन येतं का?"

"नाही," तो म्हणाला, "म्हणूनच."

रविवारी चार वाजता तो खरंच आला. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते, तिथून दारातला तो तेवढा दिसत होता. त्याने मालकीणबाईंची बेल वाजवली. दार उघडलं. याने एका हाताने बेलच्या पाटीवरच्या त्यांच्या नावावर बोट ठेवलं, दुसऱ्या हाताने स्वतःचा पासपोर्ट उघडून त्यांच्या नाकासमोर धरला, आणि होतं नव्हतं तेवढं जर्मन पणाला लावून म्हणाला, "गुटन टाग. इश आउख."

म्हणजे, "मी पण."

त्या पासपोर्ट वाचत असणार. पोस्टातल्या बाई त्या, कागद पुरता वाचल्याशिवाय सोडणार नाहीत. मग एक विचित्र आवाज आला. आधी मला वाटलं, रडतायत. मालकीणबाई हसत होत्या. मी त्यांना असं हसताना कधी ऐकलंच नव्हतं. मग जिन्यात माझ्या लांबलचक आडनावाची खणखणीत हाक आली. "खाली या! हा पोरगा काय म्हणतो ते सांगायला कुणीतरी हवं!"

मी धावत गेले. टेबलावर तिसरी बशी आली. मी तोंड उघडून आधी माफी मागितली, जेवढी नीट मागता येईल तेवढी. त्यांनी माझ्या बशीत केकचा तुकडा वाढला आणि म्हणाल्या, "आल्झो, आता खा." म्हणजे झालं, विषय संपला.

मग मी दुभाषी. स्कॉट त्याच्या गाठोडेवाल्यांची गोष्ट सांगत होता, मी जर्मनमध्ये रेटत होते. मालकीणबाई काटा खाली ठेवून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे आम्ही तिथेही बाहेरचेच होतो?"

मी घाबरत घाबरत भाषांतर केलं. स्कॉटने होकारार्थी मान हलवली.

"परत जा म्हणायचे मला इथे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे खांदे पुन्हा हसण्याने हलायला लागले. "आता विचारते त्या बेकरीवालीच्या भावाला. कुठल्या परत?"

मला राहवेना, म्हणून मी माझी गोष्ट सांगितली. माझ्या आडनावात जे गाव आहे, ते मी पाहिलेलं नाही, माझ्या आजोबांनीही पाहिलेलं नाही. तिथे राहणाऱ्या कुणाचंही ते आडनाव नाही. तिथे सगळेच तिथले, मग कोण कुणाला तसं म्हणणार? गाव सोडून दुसरीकडे गेलं की तिथले लोक गावाच्या नावाने ओळखायला लागतात.

"गेनाऊ," मालकीणबाई म्हणाल्या. अगदी बरोबर. मग उठल्या, कपाटाचा खण उघडला आणि नीट चार घड्या घातलेला तो माझा नकाशा घेऊन आल्या. हसऱ्या चेहऱ्यासकट. मला कुठे बघावं कळेना.

त्यांनी तो केकच्या ताटलीशेजारी पसरला, चष्मा लावला आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवत निघाल्या. "पुंजका कसा दिसेल? आम्हाला गाडीतून उतरवून जिथे रिकामी खोली असेल तिथे टाकलं. ही उत्तरेतली माझी चुलत बहीण. नाताळला पत्र येतं. हा बहुतेक काकांचा मुलगा, त्याचं अक्षर भयंकर आहे. हे दोघं कोण ठाऊक नाही." त्यांचं बोट एका ठिपक्यावर थांबलं. "ही मी." मग स्कॉटकडे वळून म्हणाल्या, "तू यात नाहीस. फोन घे."

मी हसले, पण हात मांडीखाली दाबून बसले होते. विचारायचं एकच उरलं होतं आणि ते माझ्या जिभेच्या टोकावर आलेलं होतं. या वेळी मात्र मी काहीही विचारलं नाही. कॉफी निवत होती.

मालकीणबाईंनी पोस्टातलं जुनं बॉलपेन घेतलं. बोट नकाशाच्या उजव्या कडेला नेलं, वर, जिथे देश संपतो तिथे. क्षणभर तिथेच ठेवलं. मग बोट कडेवरून खाली उतरलं, कागद सोडून टेबलक्लॉथवर आलं, पांढऱ्या कापडावरून सरकत कागदापासून चांगलं वीतभर लांब गेलं, साखरेच्या भांड्यापाशी. त्यांनी भांडं जरा बाजूला केलं आणि इस्त्रीच्या त्या कापडावर पेनाने एक ठिपका काढला. ठळक, दाबून, गिरवून.

"इथे," त्या म्हणाल्या. आणि गावाचं नाव सांगितलं.