डाव्या बाजूची ओल

बायको सुनेच्या बाळंतपणाला म्हणून पुण्याला गेली, ती तिकडचीच झाली. नातू आता घरभर पळतो. मुलगा-सून दोघं नोकरीला, मग पोराकडं बघणार कोण? म्हणून परत ये असं मी म्हणतच नाही. जळकोटजवळ आमचं शेत आहे, घर आहे आणि त्यात मी एकटा. फार एकटं वाटतं. फोनवर तसं सांगावं म्हटलं तर फोन नातवाच्या हातात असतो.

तिला सुट्टी मिळते ती मुलाची रजा असते तेव्हा, म्हणजे ऐन थंडीत. गेल्या खेपेला सोलापूर स्टेशनवरून पहाटे तिला माझ्या जुन्या पिकअपमधून आणलं, तर हीटरमधून गार वारा येत होता. तिचे गुडघे आधीच धरलेले. नळदुर्ग येईपर्यंत ती शालीत मुटकुळं करून बसली आणि उतरताना म्हणाली, "आता थंडीत मी काय यायची न्हाय." ती बोलते तसंच वागते. हीटर सुरू झाला नाही तर बायको येणार नाही, इतका सरळ हिशेब होता.

त्यात यंदा गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी होऊ लागलं. सकाळी टाकी भरावी, अडत्याकडं गुळाच्या ढेपा टाकून यावं, की पातळी खाली. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडा. पाईप चाचपले, पट्ट्या आवळल्या, रेडिएटरचं झाकण नवं बसवलं. थेंब कुठं दिसेना. काच आतून धुरकट व्हायची, पुसली की तेलकट फराटा उठायचा. केबिनमध्ये गोडसर वास यायचा, पण गूळ वाहणाऱ्या गाडीत गोड वास आला म्हणून कोण दचकतो?

शेवटी उमरग्याच्या मेकॅनिककडं गेलो. त्यानं बॉनेट उघडलं आणि हीटरकडं जाणाऱ्या दोन पाईपांवर हात ठेवला. एक चटका बसेल इतका गरम, दुसरा गार. "हीटरची जाळी तुंबलीय, काका. रेडिएटरमधी काय घातलं होतं?"

"हळद," मी म्हणालो. एकदा हायवेवर रेडिएटर गळायला लागला, तेव्हा एका ट्रकवाल्यानं सांगितलं आणि मी मूठभर हळद ओतली. गळती थांबली म्हणून स्वतःवर खूशही झालो होतो. भाजीत हळद किती घालायची हे मला अजून कळत नाही, गाडीत मात्र सढळ हातानं घातली.

तो हसला. मग त्यानं डावीकडचं दार उघडलं, सीटपुढची चटई उचलली आणि हसायचा थांबला. खाली गोडसर वासाचं हिरवट पाणी साचलं होतं. पत्र्याला गंज धरला होता. तुंबलेली जाळी फुटून सगळं कूलंट तिथं उतरत होतं.

"काका, हिकडं कुणी बसत न्हाय का?"

"न्हाय," मी म्हणालो.

त्यानं ओली चटई बाहेर उन्हात टाकली. हीटर काढून टाकू, पाईपाला पाईप जोडू, आपल्याकडं सगळे तसंच करतात, असं म्हणाला. मी म्हणालो, जाळी नवीच टाक. या उन्हाच्या मुलखात हीटरसाठी हट्ट धरणारा म्हातारा त्यानं पहिल्यांदाच पाहिला असणार. जाळी सोलापूरहून मागवावी लागली. मग रेडिएटर धुतला, नवं कूलंट भरलं आणि गाडी चढावर उभी करून आतली हवा काढली. गरम वारा आला, तेव्हा मी डावीकडच्या सीटवर बसून पाहिलं. त्या सीटवर मी आजवर कधी बसलोच नव्हतो.

फोनवर म्हटलं, "हीटर झालाय." ती म्हणाली, "बघू." आणि आली.

पहाटे स्टेशनवर तिला पाहिलं, तर डोळ्यांखाली काळं आलेलं. सीटवर बसली, चपला काढल्या, पाय गरम वाऱ्यापुढं धरले. मला लई बोलायचं होतं. विहिरीचं, म्हशीचं, शेजाऱ्यानं बांध कोरला त्याचं. "हे बरं केलं तुम्ही," एवढं म्हणाली आणि सोलापूर सुटायच्या आतच तिला झोप लागली. तोंड थोडं उघडं. लहान पोरापाशी निजणाऱ्या बाईला सलग झोप कुठली मिळते? मला आधी राग आला, मग तिची दया आली. तिची मान हिंदकळू नये म्हणून ट्रकांच्या मागं मागं सावकाश गाडी चालवली.

आमच्या वाटेचं वळण आलं तसा वेग कमी केला. तेवढ्यानं तिची झोप चाळवली. डोळे न उघडताच म्हणाली, "आलं व्हय घर? जरा पुढं चला की."

मी वळलो नाही. येणेगूर मागं पडलं, उजाडलं. ती झोपलेलीच होती. मी हलक्या आवाजात विहिरीचं सांगायला सुरुवात केली, मग म्हशीचं, मग बांधाचं. उमरगा येईपर्यंत माझं सगळं सांगून झालं.