घरच्यांची खुर्ची

टीव्हीवरचा तो धंद्याचा कार्यक्रम आम्ही पहिल्या सीझनपासून बघतो. लोक आपला माल घेऊन येतात, बडे उद्योजक तो हातात घेऊन उलटसुलट बघतात, प्रश्न विचारून घाम फोडतात आणि पटलं तर पैसे घालतात. रविवारी सकाळी रहाटणीतल्या आमच्या घरी पोह्यांच्या ताटल्या घेऊन मी, बायको आणि खालचे गॅरेजवाले चाचा बसतो. निकाल उद्योजकांच्या आधी आम्हीच देऊन मोकळे होतो.

या सीझनला मात्र नवंच खूळ निघालं. स्पर्धकाशेजारी एक खुर्ची मांडली आणि तिच्यावर त्याच्या घरचं माणूस बसवलं. शेवटचा प्रश्न त्याला, की तुम्हाला हा माल कसा वाटतो?

माझं डोकंच फिरलं. चाकणला पत्र्याचे भाग तपासण्यात माझी बारा वर्षं गेली आहेत. "घरचे चांगलंच बोलणार! ही काय तपासणी झाली?" मी म्हणालो.

चाचांना खुर्ची आवडली होती. "भाऊ, गिऱ्हाइकाला थाप मारता येते. घरच्याला कशी मारणार?"

"चांगलं बोलणारे घरचे असतेत तरी कुठं?" बायको म्हणाली आणि ताटली जरा जोरातच खाली ठेवली.

तिचा रोख माझ्याकडे होता. आमची ही बीडची. जुन्या जीन्सच्या कापडातून ती कामगारांसाठी स्लीव्ह शिवते. मनगटापासून कोपरापर्यंत घातल्या की पत्र्याच्या कडेनं हात कापत नाही. पहिला जोड शिवून झाला तेव्हा तिनं तो हौसेनं माझ्यापुढे ठेवला होता. मी खिशातली पट्टी काढून मोजला. एक स्लीव्ह चार मिलिमीटर आखूड भरली, आणि कंपनीत खराब भागावर मारतो तशी लाल मार्करची फुली मी तिच्यावर ओढली. हाताची सवय, दुसरं काय! फुली ओढल्यावर वर बघितलं तर तिचे डोळे भरले होते. त्यानंतर तिनं मला एकही जोड दाखवला नाही. आपली चूक कळते, पण तोंड उघडत नाही, अशी माझी जात.

त्या रविवारनंतरच्याच आठवड्यात तिची खरी परीक्षा होती. चाकणच्या एका छोट्या वर्कशॉपच्या मालकानं तिला माल घेऊन बोलावलं होतं. त्यानं घेतला तर धंदा सुरू, नाहीतर मशीन विकून टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं. पहिली पाळी सुटल्यावर मी कंपनीतून थेट तिथं गेलो. ती आधीच पिशवी घेऊन बसली होती.

मालक तिथलाच, जुन्या गावातला. त्यानं शिवण ओढून पाहिली, कापड चुरगाळलं आणि एकदम माझ्याकडे वळला. "तुमी काय म्हंता, भाऊ? तुमी तर घरचंच. चांगलंच बोलनार, व्हय ना?"

आली का खुर्ची! बायकोनं मान खाली घातली. मी काय बोलणार याची तिला खात्रीच असावी.

मी डब्याच्या बॅगेतून फुलीवाला जोड काढून टेबलावर ठेवला. "हा मीच रिजेक्ट केला होता," मी म्हणालो. "तीन महिने झाले, रोज हाच घालतोय." मग शर्टाच्या बाह्या वर सारल्या. जुने वण होते, पण नवा ओरखडा एकही नव्हता.

मालकानं माझे हात निरखले, मग त्याच्या माणसांचे आठवले असावेत. "पन्नास जोड द्या आधी," तो तिला म्हणाला. "ह्यो चालला तर बाकीचं काय वाईट असनार न्हाई."

बाहेर येऊन गाडीवर बसताना ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही तो जोड पुसायच्या फडक्यांत टाकलात."

"लॉकरमध्ये ठेवत होतो. धूतही तिथंच होतो."

"मग सांगायला काय झालं होतं?"

मी गाडी सुरू केली. मला लाज वाटली आणि फार बरंही वाटलं. घर येईपर्यंत तो जोड तिच्या हातात होता. जिना चढताना म्हणाली, "उद्या हा नका घालू. बरोबर मापाचा देते."

"नको," मी म्हणालो, "हाच चांगला आहे."

ती पायरीवरच थांबली आणि म्हणाली, "आता पुन्हा एकदा म्हणा."