नाका कुणी जाळला, हे त्या गावात विचारू नका

आत्यानं कधीपासून टुमणं लावलं होतं, "आबांच्या गावाला ने." आबा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. गाव आष्टी तालुक्यात, अगदी हद्दीवर. निजामाच्या काळात तिथं करोडगिरी नाका होता. पलीकडून, इंग्रजी हद्दीतून, मीठ आणा नाहीतर लुगडं, जकात भरल्याशिवाय सुटका नाही. शेवटी लोक उठले आणि नाकाच पेटवला. "काडी मी लावली," असं आबांनी शेवटच्या आजारपणात एकट्या आत्याला सांगितलं होतं. गावात त्यांच्या नावाची पाटी लागावी, एवढीच तिची इच्छा. म्हटलं, चल बाई!

पुण्याहून नगरमार्गे कडा. नगरपर्यंत रस्ता झकास, पुढं उसाच्या ट्रॅक्टरांमागे रांगत जायचं, म्हणून लवकर निघा. कड्याच्या अलीकडे पिठलं-भाकरी खाल्ली, शंभर रुपयांत पोटभर. ठेचा मात्र बेतानं घ्या, माझ्या नाकातोंडातून धूर निघाला.

गावात पारापाशी चहा घेतला. चहावाल्याला विचारलं, "इथला नाका कुणी जाळला हो?"

"गावानं."

"तसं नाही, काडी कुणी लावली?"

"गावानंच लावली की, ताई."

तिसऱ्यांदाही तेच. माझं डोकंच सटकलं. मग तो हळूच म्हणाला, "तवा पोलीस आल्ते. समद्यांला उन्हात बसवून लई मारलं. कुणी नाव घेतलं न्हाई. तवापासून गावाची आण हाय. आमाला बी घरच्यांनी सांगितलेलं न्हाई."

अंगावर सर्रकन काटा आला. निजाम गेला, त्याचं राज्य गेलं, आणि ही माणसं अजून तोंड उघडत नाहीत!

आणि आमची आत्या! ताठ मानेनं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या वडिलांनी लावली!" वर आबांचं अख्खं नावही घेतलं.

पाराच्या कडेला बसलेली एक म्हातारी, गयाबाई, उठून आत्यासमोर आली. चहावाला माझ्या कानाशी पुटपुटला, "हिच्या बापाला नाव विचारलं, त्यो बोलना. म्हून त्यालाच नेलं. परत आलाच न्हाई."

आत्यालाही ते ऐकू गेलं. तिचा चेहरा पांढराफटक.

"मला वाटायचं, माज्या बापानंच लावली," गयाबाई म्हणाली. "तेवढ्यावरच जलम काढला. तू कवाची गं?"

"मी... नंतरची. निजाम गेल्यावरची."

गयाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हंजी माजा बाप बोलला आसता, तर तू न्हाई."

शिवी दिली असती तरी परवडलं असतं. तिनं आत्याच्या गालावरून हात फिरवला आणि चहावाल्याला म्हणाली, "बाईला पानी दे."

मुक्काम बीडला, साधा लॉज, हजाराच्या आत. दुसऱ्या दिवशी कपिलधारला गेलो. धबधब्याचं पाणी बारीक झालं होतं, तरी जागा फार सुंदर, नक्की जा. आत्या गाडीतून उतरली नाही.

घरी येऊन आठवडा झाला. आबांनी गाव सोडलं, ते तिथं पुन्हा कधीच गेले नाहीत. नोकरीतून रजा मिळत नसेल, असं आम्ही समजत होतो. आता समजतंय आणि सुन्न व्हायला होतंय. पाटीचं नावही आत्या काढत नाही.

काल तिचा फोन आला. "गयाबाईच्या वडिलांचं नाव काय गं?"

मला माहीत नव्हतं. आम्ही दोघींनी ते विचारलंच नव्हतं.