लॅमिनेशन केलेला रिपोर्ट

रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या कारखान्यात शेजारच्या लेथवरच्या माणसाचा हात कापला. बाकीचे शहाणे नुसते ओरडत राहिले; मी त्याचा हात दाबून धरला, फडकं बांधलं. माझ्या बोटाला सकाळचीच ताजी चीर होती. त्याचं रक्त तिच्यात गेलं.

संध्याकाळी तो घरी आला, पण दारातच उभा राहिला. "भाऊ, मले एचआयव्ही आहे. आजच दवाखान्यात जाय."

"मले काय होते? हळद लावली ना!" चौथी पास माणसाला एवढं ज्ञान पुरतं.

पाचव्या दिवशी "आधी दवाखाना, मग जेवण" म्हणत बायकोनं ताट वाढायचं बंद केलं, तेव्हा गेलो. सरकारी दवाखान्यातली सल्ला देणारी दीदी म्हणाली, "बाबूजी, तीन दिन के अंदर आते तो बचाव की दवा शुरू कर देते. इतने दिन क्या किया?"

हळदीचं मी सांगितलं नाही.

रक्त तपासलं, काही निघालं नाही. दीदी पुढे बोलतच होती, पण जिंकलेला माणूस थांबतो काय? राइट टाउनातल्या दुकानात जाऊन रिपोर्टाला लॅमिनेशन केलं आणि बायकोपुढे आपटला.

ती सातवी शिकलेली. "खाली काय लिहिलं ते वाचलं काहून नाही? दीड महिन्यानं या, मग तीन महिने झाले की या."

दुसऱ्या दिवशी तिनंच मला परत नेलं. दीदीनं समजावलं: रोगाची खूण रक्तात उमटायला वेळ लागतो. हा रिपोर्ट हात कापला त्या दिवसाच्या आधीचा हिशोब सांगतो, त्या चिरेबद्दल मुका आहे. तोवर रक्तदान नाही आणि बायकोजवळ जायचं तर कंडोम वापरा.

ती वस्तू दुकानात मागायची? त्यापेक्षा ओसरीतली खाट बरी. तीन महिने तिथं कुडकुडलो. साधी शिंक आली तरी तेराव्याला कोण कोण येईल ते मोजत बसायचो. कारखान्यात तो माणूस रोज माझ्या तोंडाकडे बघायचा, विचारायचा काही नाही. मीही अकडून "ठीक आहे" म्हणायचो.

दीड महिन्यानं काही निघालं नाही. तीन महिन्यानंही नाही. "अब निश्चिंत रहिए," दीदी म्हणाली. कारखान्यात त्या माणसाला सांगितलं, तर तो लेथ बंद करून खालीच बसला.

खाट आत आली. शेवटचा रिपोर्ट बायकोच्या पेटीत आहे, साधाच. लॅमिनेशनवाल्या रिपोर्टानं ती सिगडीला वारा घालते. म्हणते, "हा बी कामाचा निघाला."