हात वर असेपर्यंत

आमच्याकडं लग्नाच्या दिवशी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडून येतो, त्याला परण्या म्हणतात. परण्यात बँडवाल्यांचा एक रिवाज होता. घोडा मांडवाच्या दारात थांबला की ढोल-ताशे गप्प व्हायचे आणि सॅक्सोफोनवाल्यानं एकट्यानं एक सूर धरायचा. बँडमास्तर हात वर करून उभे राहायचे. नवरदेवाचा पाय जमिनीला लागला की त्यांचा हात खाली यायचा, मग सूर सोडायचा. आता नवरदेव काय टुणकन उडी मारून उतरतो? कुणाचा फोटो राहिलेला असतो, कुणी मामा रुसलेला असतो, कुठं ओवाळायचं तबकच सापडत नाही. तोवर सूर तुटला तर नवरदेवाला वाईट, असं मानायचे. माझ्या मते सगळ्यात वाईट हाल सॅक्सोफोनवाल्याचे व्हायचे.

हा रिवाज मला माझ्या उस्तादांनी शिकवला. जुन्या शहरात त्यांचा बँड होता, मास्तरही तेच, आणि सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. मी मूळचा वैजापूरकडचा. वडील मेंढरं वळायचे. मी कॉलेजसाठी शहरात आलो, हर्सूलला खोली घेतली, आणि कॉलेज सोडून सगळं केलं. चाचांच्या बँडची तालीम ऐकायला रोज जाऊन उभा राहायचो. एक दिवस ते म्हणाले, "रोज येतोस, ऐकून जातोस. ताकाला येऊन भांडं का लपवतोस? ये, बस."

पहिला महिनाभर त्यांनी सॅक्सोफोनला हात लावू दिला नाही. पाण्यानं भरलेला तांब्या आणि एक नळी दिली. नळीनं पाण्यात फुंकायचं, बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. गालात हवा साठवायची, ती सोडता सोडता नाकानं नवा श्वास घ्यायचा. वडील एकदा बाजाराला आले होते, त्यांनी हा प्रकार पाहिला. "मेंढरं राखली असती तं एव्हाना पन्नासाची शंभर झाली असती," म्हणाले, "हितं पाणी फुगवायलास व्हय?" चाचा हसले आणि त्यांनी वडिलांना चहा पाजला. दोघं मग तासभर लोकरीच्या घोंगड्यांवर बोलत बसले. माझ्या भविष्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढं तीन-चार लग्नसराया मी चाचांच्या बँडमध्ये वाजवलं. एका परण्यात सिडकोच्या चौकात वाहतूक अडली होती. अडकलेल्या मोटारसायकलवरून एक इंजिनिअरिंगचा पोरगा उतरला, सरळ माझ्यापाशी आला आणि मी वाजवत असतानाच मला विचारू लागला, "दादा, आमच्या रॉक बँडमध्ये येता का?" मला रॉक बँड म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण मला इतक्या अदबीनं आजवर कुणी दादा म्हटलं नव्हतं, म्हणून गेलो.

ते चौघं होते. दोन गिटारवाले, एक ड्रम वाजवणारा, एक गाणारा. स्वतःची मराठी गाणी करायचे. त्यांच्या खोलीत अंड्यांचे रिकामे पुठ्ठे भिंतीला चिकटवलेले होते, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मला गंमत वाटली. आम्ही बँडवाले तर आवाज तीन गल्ल्या पलीकडं जावा म्हणून मरायचो.

पहिला कार्यक्रम एका कॉलेजच्या गॅदरिंगला झाला. शेवटचं गाणं संपलं, गिटारी थांबल्या, ड्रमवाल्यानं काड्या मांडीवर ठेवल्या. मी वाजवतच राहिलो. सवयच होती, कुणाचा हात खाली आलेला दिसला नव्हता. मी समोर नजर फिरवत होतो आणि तिथं ना घोडा, ना मास्तर. चौघं माझ्याकडं बघत राहिले. मग मागच्या रांगेतून एक शिट्टी आली आणि सगळे उठून उभे राहिले. माझी ती चूक पुढं आमच्या बँडची ओळख झाली. प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी सगळे थांबायचे आणि मी एकटा तो लांब सूर धरायचो.

मी धावत जाऊन चाचांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "अच्छा है," म्हणाले, "पर बेटा, घोड्यावर कोण होतं?"

मी हसलो. त्यांनी खरोखर विचारलं होतं हे मला कळायला फार वर्षं लागली.

मग आमचं नाव झालं. पुणं झालं, नाशिक झालं, दोनदा मुंबईही झाली. मी केस वाढवले, संध्याकाळीसुद्धा काळा चष्मा लावायला लागलो. चाचांना दर वेळी बोलवायचो आणि ते दर वेळी टाळायचे. "नुसतं उभं राहून ऐकायचं वाजवणं मला समजत नाय," म्हणायचे. मला मात्र दुसऱ्या कुणाच्या टाळ्यांची भूक नव्हती. त्यांनी एकदा ऐकावं, एवढंच हवं होतं.

ते आले फर्दापूरला. लेणी बघायला येणाऱ्यांसाठी तिथल्या एका हॉटेलनं हिरवळीवर कार्यक्रम ठेवला होता. न सांगता एसटीनं आले. ऊन कलतं होतं. मी शेवटचा सूर धरला, डोळे उघडले, तर मागच्या रांगेत, चिंचेखाली, प्लास्टिकच्या खुर्चीपाशी चाचा उभे. पांढरा शर्ट, डोक्याला टोपी. आणि त्यांचा हात वर होता.

मला काय झालं सांगता येत नाही. तो चष्मा, ते केस, माझा सगळा अवतार त्यांच्या नजरेनं मला एकदम दिसला. सूर तुटला. ड्रमवाल्यानं झांज वाजवून सांभाळून घेतलं, लोकांना काही कळलं नाही. चाचांचा हात मात्र तसाच वर राहिला, क्षणभर. मग त्यांनी तो हळूच खाली घेतला आणि कान खाजवला, जणू त्यासाठीच वर केला होता. मला लाज वाटू नये म्हणून.

नंतर चहा पिताना एवढंच म्हणाले, "चांगलं होतं. आवाज लई मोठा तुमचा." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्याच वर्षी बँड फुटला. भांडण वगैरे काही नाही, प्रत्येकजण आपापल्या आयुष्याला लागला. दोन्ही गिटारवाले परदेशात गेले, गाणारा पुण्यात बँकेत लागला, ड्रमवाला वाळूजला कंपनीत. मी हर्सूलच्या एका शाळेत मुलांकडून कवायतीचा बँड बसवतो. मोबाइलवर आमचा एक ग्रुप आहे. वाढदिवसाला जुन्या गाण्यांचे तुकडे येतात, दुधाची तहान ताकावर. माझी तहान त्या गाण्यांची नाहीच. मला फर्दापूरचा तो एक सूर परत हवा आहे. वर्गात हजेरी घेतानासुद्धा मी कधी कधी नाकानं श्वास मोजत असतो.

चाचांचा बँडही राहिला नाही, डीजे आले. आता त्यांची ऐंशी उलटून गेली. ऐकू जवळजवळ येत नाही. मी दर शुक्रवारी जातो. त्यांची सून चहा करते, मी पाटीवर मोठ्या अक्षरात शाळेच्या गमती लिहून दाखवतो. गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी मी सॅक्सोफोन बरोबर नेला. पाटीवर लिहिलं, 'फर्दापूरचा राहिला होता.'

त्यांनी वाचलं. मग मला जवळ ओढलं आणि सॅक्सोफोनच्या तोंडावर, पितळेच्या कडेला, आपला तळहात टेकवला. "हां," म्हणाले.

मी सूर धरला. त्यांनी डोळे मिटले. दुसरा हात हळूहळू वर गेला, खांद्याच्याही वर. सून दारात येऊन थांबली. गाल भरत होतो, नाकानं श्वास घेत होतो, पण पन्नाशीतला श्वास तो, किती पुरणार? पोटात काही उरलं नाही. आवाज बारीक झाला आणि बंद पडला.

चाचांचा हात वरच होता. मान हलत होती, तोंडावर हसू होतं. "बजा बेटा," ते म्हणाले, "उतरू दे त्याला सावकाश."

मी तोंड काढलं नाही. गाल फुगवून तसाच बसून राहिलो. सुनेनं माझ्याकडं बघितलं आणि हातातला चहा हळूच खाली ठेवला. चाचांचा हात खाली आला तेव्हा चहा गार झाला होता.