सहा आठवड्यांचं जहाज

"हात सुटला, बाई," असं तो म्हणायचा आणि म्हणताना उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरून ठेवायचा. जणू तो हात त्याचा नव्हेच, कुणीतरी सांभाळायला देऊन गेलेलं द्वाड जनावर आहे.

सन पन्नासनंतरची, दारूबंदीची ती वर्षं. कल्याणला खाडीच्या अंगाला एक लहानसा दवाखाना होता. मी तिथे नर्स होते आणि मागच्या दोन खोल्यांत राहत होते. डॉक्टर सकाळी दोन तास यायचे, उरलेला दिवस मी. रेतीबंदरावरची फुटलेली डोकी माझ्याकडे यायची. त्यातली निम्मी तरी या एका मुकादमाने फोडलेली असत. स्वतःच फोडायचा आणि स्वतःच खांद्यावर टाकून आणायचा. "हात सुटला. टाके घाला."

तो रत्नागिरीकडचा. तरुणपणी बोटीवर खलाशी होता, आणि एका सोबत्याला साखळीने मारलं म्हणून बोटीवरून उतरवलेला. दारूला शिवत नसे, म्हणजे दारूवर ढकलायचीही सोय नाही. एकदा एक गाडीवान रुतलेल्या बैलांना बडवत होता. याने आसूड हिसकावला आणि गाडीवानाची पाठ सोलली. "मुक्या जनावराला मारतो म्हणजे काय?" असं मलाच विचारलं. मी आयोडिन लावत होते.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. बाहेर त्यांची भीती असते, आणि घरात काय चालतं ते कुणी विचारत नाही. मला विचारावं लागत नसे. त्याच्या बायकोच्या भुवईला मी दोनदा टाके घातले होते. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा तिचा डावा हात कोपराखाली नको तिथे वाकला होता. ठाण्याला नेऊन प्लास्टर घालून आणलं. सहा आठवडे ठेवायचं होतं. मी तिला घरी पाठवलीच नाही, माझ्या स्वयंपाकघरात ठेवून घेतली.

तिसऱ्या दिवशी तो आला. दाराला लाथ घातली. दार उघडेना म्हणून काचेवर पंजा मारला. काच फुटली आणि डावा तळवा फाटला.

"माझी बायको द्या."

"प्लास्टर निघेपर्यंत नाही."

"तुम्ही कोण ठरवणार?"

"तिचा हात माझ्या ताब्यात आहे. खाली बसा, सगळीकडे रक्त करताय."

बसला. मी सुन्न करायचं इंजेक्शन दिलं नाही. कपाटात होतं, मुद्दाम दिलं नाही. पाच टाके घातले. त्याने हूं की चूं केलं नाही, नुसता माझ्या बोटांकडे बघत राहिला. तिसऱ्या टाक्याला म्हणाला, "ही गाठ ढिली पडेल बाई. दोरा खालून घ्या." मी चौथा त्याच्या पद्धतीने घातला. तोच सगळ्यांत चांगला बसला, हे कबूल करायला हवं.

"सहा आठवडे मी काय करू?" त्याने विचारलं.

"हाताला काहीतरी काम द्या. मारण्याखेरीज."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एक खोका घेऊन आला. बोटीवरच्या जुन्या दोस्ताने परदेशी बंदरातून आणून दिलेला. वरच्या चित्रात तीन डोलकाठ्यांचं जुनं लढाऊ जहाज, तोफांतून धूर सुटलेला. आत प्लास्टिकचे शेकडो तुकडे, डिंकाची ट्यूब आणि इंग्रजी कागद. कागद त्याला वाचता येत नव्हता. तो मी वाचून दाखवू लागले. दवाखान्याच्या ओट्यावर उजेड चांगला, म्हणून तो तिथेच बसू लागला. माझा चिमटा घेतला. दोरखंड ओवायला खोक्यातला दोरा त्याला पसंत पडला नाही, म्हणून मी टाक्यांच्या काळ्या रेशमाचं रीळ दिलं. त्याच रिळाचा दोरा मी त्याच्या बायकोच्या भुवईत घातला होता.

"हे न मोडता पुरं करा," मी म्हटलं, "मग तुमच्या हातावर विश्वास ठेवीन आणि तिला पाठवीन."

त्या हातांचं काम पाहत राहावं असं होतं. नखाएवढ्या तोफा त्याने एकेक घासून काळ्या केल्या. कागदावरच्या गाठी त्याला चुकीच्या वाटल्या, त्यांऐवजी त्याने आपल्या मारल्या. रंग देताना जहाजाचा तळ मात्र पांढरा केला.

"चित्रात तांबडा आहे," मी म्हटलं.

"पाण्याखाली चुना लागतो बाई. नाहीतर किडा लाकूड खातो."

"हे प्लास्टिक आहे."

"असेल. जहाज आहे ना?"

तोवर मलाच त्या जहाजाचा लोभ सुटला होता.

चौथ्या आठवड्यात रेतीवरचा एक हमाल पाय बांधून घ्यायला आला. ओट्यावर उभा राहून त्याने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "मुकादम, भातुकलीला आम्हालाही बोलवा."

दोघे-तिघे हसले. मुकादमाच्या चिमट्यात तेव्हा मधल्या डोलकाठीचं शेवटचं टोक होतं, आगकाडीहून बारीक, डिंक लावलेलं. ते त्याने ताटलीतल्या कापसावर ठेवलं. चिमटा शेजारी ठेवला. ट्यूबला बूच लावलं. मग उठला, हमालाचे केस धरले आणि त्याचं तोंड खांबावर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. चौघांनी ओढलं तेव्हा तो बाजूला झाला. दोन दात मी कापसाने फरशीवरून उचलले. हमाल स्वतःच्या रक्ताच्या गुळण्या करत होता.

"हात सुटला, बाई," तो म्हणाला आणि मनगट धरून उभा राहिला.

खिडकीत त्याची बायको उभी होती, प्लास्टरचा हात गळ्यात. ती आत गेली.

तेव्हाच मी त्याला हाकलायला हवं होतं. हाकललं नाही. जहाज जवळजवळ पुरं होत आलं होतं. हमालाने कुरापत काढली होती, अशी मी मनाची समजूत घातली. ही माझी चूक.

प्लास्टर काढलं त्या सकाळी डॉक्टर गेल्यावर तो आला. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, जहाज दोन्ही हातांवर घेऊन. तिन्ही डोलकाठ्या सरळ, शिडं दुधासारखी, रेशमाच्या दोऱ्या ताणून बसवलेल्या. एकही तुकडा मोडलेला नव्हता. त्याहून सुबक काम मी पाहिलेलं नाही. मी आत बघून म्हटलं, "चल, कपडे बांध."

ती बाहेर आली. सुटा झालेला हात काटकीसारखा वाळला होता, कातडीचे पापुद्रे निघत होते. तिने जहाज बराच वेळ पाहिलं. त्याच्याशी बोलली नाही, माझ्याशी बोलली.

"बाई, त्या हमालाला मारायच्या आधी यांनी ती काडी ताटलीत ठेवली. तुम्ही बघितलंत?"

"बघितलं."

"ट्यूबला बूचपण लावलं. माझा हात मोडला तेव्हा यांच्या हातात कपबशी होती. ती आधी फळीवर ठेवली. कपाचा कान आत वळवला, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. मला वाटायचं, कुणाच्या अंगात येतं तसं यांना होतं. त्यासाठी मी नवस केले, उपास केले. मी यायची नाही."

तो जरा पुढे आला आणि वाकून जहाज टेबलावर ठेवू लागला.

हात मोकळे करतोय, हे आम्हा दोघींना एकदमच कळलं. ती मागे सरली नाही. स्टोव्हवर सुया उकळत होत्या. मी सांडशीने पातेलं धरलं. जहाजाचा तळ टेबलाला लागला. त्याचा उजवा हात सुटा होऊन वर आला आणि तसाच राहिला. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग त्याने तो पुन्हा जहाजाखाली घातला, जहाज उचललं आणि खांद्याने दार ढकलून बाहेर पडला.

त्यानंतर कल्याणात तो कुणाला दिसला नाही. गावी गेला म्हणतात. बायको माझ्याकडे राहिली, पुढे दवाखान्यातच आया म्हणून लागली.

त्या सकाळी रस्त्यात एक टांगा त्याच्या अंगावर आला. चाक जहाजाला लागू नये म्हणून त्याने चाकाकडे पाठ केली आणि गटाराच्या कडेला उभा राहिला. टांगेवाल्याने आईवरून शिवी दिली. तो मान न वळवता तसाच पुढे खाडीकडे चालत गेला. तो वळणाआड होईपर्यंत मी पातेलं खाली ठेवलं नाही.