सामन मेले आणि चौकशी माझी झाली

त्या संध्याकाळी मी आयुष्यातला पहिला सामन, म्हणजे सॅल्मन मासा, धरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या फेसबुक ग्रुपवर मी चोर ठरले होते.

आमचं गाव आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डपासून फार लांब नाही. तिथल्या हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे. गळ टाकायला मला शिकवलं ते शेजारच्या बाईंनी. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा गेल्यावर एकट्याच नदीवर जाणाऱ्या. एकदा कुंपणावरून त्यांनी विचारलं, "येतेस का? निदान माझा पाय घसरला तर कुणाला तरी कळेल." तिथून सुरुवात. पुढचे दोन उन्हाळे मी नुसती पाण्यात उभी राहिले. दोरी झाडात अडकवली, स्वतःच्या टोपीत अडकवली, एकदा बाईंच्या स्वेटरमध्ये. आमच्या नदीत सामन इतके कमी उरलेत की धरला तरी ठेवता येत नाही. लायसन्स काढायचं, गळाला उलटा काटा ठेवायचा नाही, आणि मासा पाण्यातल्या पाण्यातच सोडून द्यायचा.

त्या दिवशी बाईंचा गुडघा दुखत होता, म्हणून मी आईला घेऊन गेले. आई मालवणहून उन्हाळ्यापुरती आली होती. मासा लागला तेव्हा हाताला असा झटका बसला की मी ओरडलेच. बराच वेळ तो मला खाली-वर फिरवत होता. शेवटी दमून जवळ आला. चकचकीत, चांदीच्या ताटासारखा. मी त्याचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यातच धरून ठेवलं. त्याने श्वास घेतला, शेपटी हलवली आणि माझ्या हातातून निसटला. मला रडू फुटलं.

काठावरून आई म्हणाली, "धरलंस आणि सोडलंस? मगे गेलंस कित्याक?"

मी हसत बाहेर आले, तेवढ्यात पुलावरून आवाज आला. "ए, पिशवीत काय आहे?" एक माणूस वाकून फोनने फोटो काढत होता. पिशवीत थर्मास होता आणि आईने केलेला चिवडा. मी पिशवी उघडून दाखवली. त्याने बघितलंही नाही. तो निघून गेला आणि फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, हे बाहेरचे लोक येऊन आपल्या नदीतले मासे साफ करतायत.

मत्स्यखात्याचे दोन अधिकारी घरी आले. सभ्य होते. लायसन्स बघितलं, फ्रीजर बघायची परवानगी मागितली. फ्रीजरमध्ये नारळाचा चव आणि मटार होते. जाताना त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. पण शाळेतून आलेली माझी मुलगी दप्तर टाकून तिच्या आयरिश हेलात म्हणाली, "मॅम, आर यू अ पोचर?" तुझी आई चोरून मासे मारते का, असं वर्गातल्या कुणीतरी तिला विचारलं होतं. तो फोटो ग्रुपवरून कुणी हटवला नाही. माफीही कुणी मागितली नाही.

आणि मग, पाऊस नसलेल्या एका आठवड्यात, नदी मेली.

सकाळी बाईंचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, "ये." मी आणि आई गेलो. पुलापाशी पोचायच्या आधीच वास आला, शेणामुताचा, नाकात चढणारा. पाणी तपकिरी झालं होतं आणि दगडांना फेस चिकटला होता. काठाकाठाने मासे उलटे पडले होते, पांढरी पोटं वर करून. ट्राउट होते, ईल होते. तीन मोठे सामन वळणावर एकमेकांना लागून पडले होते. त्यातला एखादा मी सोडलेला होता का, कोण सांगणार. पण सगळ्यात जास्त होती ती बोटाएवढी पिल्लं. दगडांच्या फटीफटीत.

"मोठे समुद्रातून आणखी येतील थोडे," बाई म्हणाल्या. "पण ही अजून समुद्र बघायची होती."

आईने वाकून एक मेलेला सामन दोन्ही हातांत उचलला. माशावर वाढलेली बाई ती. म्हणाली, "खाल्लो असतो तर कोणाच्या तरी पोटात तरी गेलो असतो. ह्या काय केल्यांनी मेल्यांनी?"

वरच्या अंगाला एक मोठी डेअरी आहे. तिच्या शेणाच्या टाकीमागून एक ओढा नदीला मिळतो. ओढ्याच्या वर पाणी स्वच्छ होतं आणि खाली घाण. हे बघायला शास्त्रज्ञ लागत नाही. अधिकारी आले, बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेले.

नंतर चर्चच्या हॉलमध्ये गावातल्या मासेमारी क्लबची सभा झाली. अध्यक्ष म्हणाले, चौकशी चालू आहे, कुणाचं नाव घेऊ नका. नाव सगळ्यांना ठाऊक होतं. डेअरीचा मालक क्लबच्या वार्षिक स्पर्धेचा चषक देतो, त्याच्या आईच्या अंत्ययात्रेला निम्मा हॉल गेला होता. मग पुलावरचा तो माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "खरा प्रश्न बाहेरून येणाऱ्यांचा आहे. मिळेल ते खातात." दोघातिघांनी माना डोलावल्या.

मी उठले.

"मी धरलेला एकमेव मासा मी सोडला," मी म्हणाले. "तो सोडताना तुम्ही माझा फोटो काढलात. माझा फ्रीजर उघडून बघितला गेला. आता अख्खी नदी मेलीये. त्या टाकीचा फोटो कुणी काढला? हात वर करा."

कुणीही हात वर केला नाही. अध्यक्ष घसा साफ करत म्हणाले, "आपण सगळे शांत राहूया."

"का?" मागून बाई म्हणाल्या. "तिने का शांत राहायचं? मी चाळीस वर्षं शांत राहिले. मासे शांतपणेच मेले."

बाहेर पार्किंगमध्ये तो पुलावरचा माणूस माझ्याजवळ आला. "पर्सनल काही नव्हतं हं," तो म्हणाला. मी म्हटलं, "माझ्या मुलीला शाळेत विचारलं गेलं. याहून पर्सनल काय असतं?" तो गाडीच्या किल्ल्या हातात खेळवत राहिला. मी निघाले.

खटला झाला. टाकीला तडा गेला होता, लक्षात आलं नाही, असं मालक म्हणाला. त्याला दंड झाला, तो त्याने भरला. त्या वर्षीही चषक त्याच्याच घराच्या नावाने दिला गेला. तो बंद करावा म्हणून बाईंनी ठराव मांडला, मी अनुमोदन दिलं. ठराव पडला. आमच्या बाजूने मात्र मला वाटलं होतं त्याहून जास्त हात वर आले, आणि त्यातले काहीजण आता आमच्याबरोबर ओढ्याचं पाणी तपासायला येतात. तोंडाला मफलर गुंडाळून, बाटल्या घेऊन, डेअरीच्या फाटकावरून, मालकाला दिसेल असे.

हिवाळ्यात आम्ही वरपर्यंत चालत गेलो. याच सुमारास सामन माद्या शेपटीने खडी उकरून अंडी घालतात, तिथे फिकट चट्टे दिसतात. बाईंनी काठीने एक चट्टा दाखवला. एकच. परत खाली आलो तेव्हा पुलावर कुणी पर्यटक नदीचे फोटो काढत होते. पाणी काचेसारखं होतं, तळाचा खडा न् खडा दिसत होता, आणि त्यातून काहीच पळत नव्हतं. "ब्यूटिफुल," त्या पर्यटकांतली एकजण मला म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. थंडी होती, तिला जायचं होतं, तरी सांगितलं.